वाचकांचे प्रश्न : दत्तक दिलेल्या लेकराची भेट

प्रश्न : २००३ साली लग्नाआधी मुलगी झाली. अंबाजोगाईला बाळंत झाले आणि संस्थेत सही करून लेकरू दिलं. सासरी कुणाला माहीत नाही. आता संस्थेत विचारलं तर काहीच सांगत नाहीत. अर्ज कुठं करू?
– एक आई, केज तालुका

उत्तर : ताई, संस्थेला ते सांगताच येत नाही. दत्तक नियमावली, २०२२ प्रमाणे मुळांचा, म्हणजे जन्मदात्यांचा, शोध घ्यायचा हक्क दत्तक गेलेल्या मुलाचा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर ते स्वतः ‘कारा’कडे (दत्तक व्यवहार पाहणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) ऑनलाइन अर्ज करतं, त्याआधी दत्तक आईबापांसोबत. जन्मदात्या आईसाठी असा अर्ज नाही. आम्हाला हे कठोर वाटतं, पण आज नियम हाच आहे.

मात्र लेक शोधत आली तर तुम्ही सापडाल, एवढी तजवीज करता येते. देताना ‘नाव गुप्त ठेवा’ असं लिहून दिलं असेल, तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तिला नाव कळत नाही. संमती विचारायला माणूस जातो तो फाइलमधल्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्या माहेरी. तिथं भाऊ-भावजयीनं ‘अशी कुणी इथं राहत नाही’ म्हटलं की शोध खुंटतो. मग मुलीला फक्त ती का दिली गेली, तेव्हाची परिस्थिती काय होती, एवढंच सांगतात.

म्हणून साध्या कागदावर पत्र लिहा. आधी माहेरचं पूर्ण नाव, मग आताचं; बऱ्याच फाइली या नावबदलातच अडतात. बाळंतपणाची तारीख, दवाखाना, सही केल्याचा दिवस लिहा. ‘माझी मुलगी शोधत आली तर माझं नाव व नंबर तिला द्यायला माझी संमती आहे’ हे वाक्य स्पष्ट हवं. फोन कोणत्या वेळी करावा, घरी दुसऱ्यानं उचलला तर काय सांगावं, हेही लिहा. घरात साखर, हृदयविकार असेल तर नोंदवा. ती माहिती लेकराच्या कामी येते. एक प्रत संस्थेला, एक बीडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, एक बाल कल्याण समितीला द्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ऊसतोडीला जाताना सिम बदलत असाल, तर गावातच राहणाऱ्या विश्वासू बहिणीचा नंबरही द्या.

फेसबुकवर फोटो, जन्मतारीख टाकून शोधू नका, एजंटाला पैसे देऊ नका. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही. शिवाय ती पोस्ट तुमच्या सासरीही पोचते.

प्रश्न : माझा जन्म १९९७ चा, हिंगोलीचा. ज्या संस्थेतून मला घेतलं ती बंद पडली. आता कागद कुठं मिळतील?
– वाचक, जालना

उत्तर : आधी आईबाबांकडून न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागा. त्यावर प्रकरण क्रमांक आणि संस्थेचं नाव असतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. तुमच्या वेळी ते परभणीत होतं. त्यामुळे हिंगोलीत ‘नोंद नाही’ म्हणाले तर तिथंच थांबू नका, परभणीच्या जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात आणि महिला व बालविकास कार्यालयात विचारा. सोबत ‘कारा’चा अर्ज भराच. त्याशिवाय कार्यालयं जन्मदात्यांचं नाव सांगणार नाहीत.

आई सापडली तरी थेट तिच्या गावी जाऊ नका. आधी समाजसेविकेमार्फत पत्र, मग फोन, मग तिच्या सोयीच्या तालुक्याच्या गावी भेट. पहिल्या वेळी दोघंच बसा, दीड-दोन तास पुरे. तिच्याकडच्यांचा विरोध बहुतेकदा शेतीच्या वाटणीच्या धास्तीनं असतो. दत्तक गेल्यावर जन्मघरच्या मालमत्तेत वारसा राहत नाही. हे पहिल्याच पत्रात लिहून टाका.