'अधिग्रहण बोली' का खटकते?

'फॉक्सकॉन्स टेकओव्हर बिड फॉर शार्प' या मथळ्याचं मराठी काय करावं, असं एकांनी विचारलं आहे. (दोन्ही इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपन्या, फॉक्सकॉन तैवानची, शार्प जपानची; पहिलीला दुसरी विकत घ्यायची होती.) त्यांनी स्वतः 'शार्पसाठी फॉक्सकॉनची अधिग्रहण बोली' असं करून पाहिलं, पण कानाला खटकतंय म्हणतात.

खटकणारच. 'अधिग्रहण' या अर्थाने हिंदी बातम्यांतून आलं. मराठीत त्याला आधीपासून वेगळं काम आहे. दुष्काळात तहसीलदार एखाद्याची विहीर अधिग्रहित करतात, निवडणुकीला जीपगाड्या अधिग्रहित होतात. विहीर शेतकऱ्याचीच राहते, पाणी तेवढं गावाला जातं. मालकी कायमची बदलली तर आपण 'संपादन' म्हणतो, जसं भूसंपादन. शार्पचं तर मालकच बदलले: २०१६ साली तैवानच्या फॉक्सकॉनने ३८८.८ अब्ज येन मोजून ६६ टक्के हिस्सा घेतला.

मग 'संपादन' लिहावं का? कागदोपत्री चालेल. मथळ्यात मात्र 'शार्पचे संपादन' वाचून कुणीतरी शुद्धलेखन तपासत बसलंय असं वाटतं. मी 'ताबा' लिहीन. पण 'शार्पचा ताबा घेतला' असं. 'शार्पला ताब्यात घेतलं' म्हटलंत तर प्रकरण थेट पोलीस ठाण्यात जातं.

'बोली' इथे बरोबर आहे, कारण रिंगणात दुसराही गडी होता. जपान सरकारचं पाठबळ असलेला एक गुंतवणूक निधी शार्पसाठी पुढे आला होता. एकटाच ग्राहक असता तर 'प्रस्ताव' पुरला असता. खरं तर मला 'मागणी घातली' हेच आवडतं, कारण पुढचं सगळं लग्नघरासारखंच झालं. २५ फेब्रुवारीला शार्पच्या संचालकांनी होकार दिला. तेवढ्यात संभाव्य देण्यांची यादी फॉक्सकॉनच्या हाती पडलेली, म्हणून सह्या अडल्या. अखेर एप्रिलमध्ये सह्या झाल्या तेव्हा शेअरचा भाव ११८ येनांवरून ८८वर आलेला होता.

जपानी भाषेत हे शब्द आणखी बोचरे आहेत. नेहमीचा शब्द 'बाइशू', आणि मतदाराला पैसे चारण्यालाही तोच. जबरदस्तीने ताबा घेतला तर 'नोत्तोरी', जो विमान पळवण्यालाही चालतो. आणि अडचणीतली कंपनी विकली जाते त्याला वर्तमानपत्रं सर्रास 'मिउरी' म्हणतात. 'मि' म्हणजे देह, 'उरी' म्हणजे विक्री; कर्जापायी घरची मुलगी विकायची, त्याचा हा शब्द. शार्पसारखी १९१२ साली टोकियोत सुरू होऊन ओसाकात वाढलेली कंपनी परक्यांच्या हाती गेली तेव्हा जपानी वाचकाला काय वाटलं असेल, ते या एका शब्दात कळतं. २०२३ साली तिथल्या अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत 'शत्रुत्वाची' खरेदी न म्हणता 'संमतीविना' खरेदी म्हणायला सुरुवात केली, तीही शब्दांची धार बोथट करायलाच.

तर तुमचा मथळा: 'शार्पच्या ताब्यासाठी फॉक्सकॉनची बोली'.