आजीवन वॉरंटी, पण तक्रारीला दोनच वर्षे

साताऱ्याच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी ट्रॅक सायकलिंग करते आणि सरावाला पुण्यातल्या बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर जाते. तिच्यासाठी त्यांनी 32 हजार रुपयांची अॅल्युमिनियमची ट्रॅक फ्रेम (सायकलचा सांगाडा) ऑनलाइन मागवली. काही महिन्यांतच हेड ट्यूब (हँडलखालची आखूड नळी) आणि डाउन ट्यूब (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) यांच्या जोडाशी, वेल्डिंगच्या कडेला तडा गेला. बऱ्याच ईमेलनंतर कंपनीने फ्रेम बदलून दिली. बदलून आलेली फ्रेमही त्याच जागी तडकली. या वेळी स्टँडिंग स्टार्टचा, म्हणजे थांबलेल्या सायकलवरून जोरात सुटण्याचा सराव चालू होता. मुलगी पडली, कॉलरबोन मोडले, प्लेट बसवावी लागली. कंपनी म्हणते की हे अपघाताने झालेले नुकसान आहे, शिवाय शर्यतीसाठी वापर वॉरंटीत बसत नाही. तरी ‘सदिच्छा म्हणून’ नव्या फ्रेमवर 40 टक्के सूट देऊ, तुटकी फ्रेम परत पाठवा. वाचकांचा प्रश्न असा: फ्रेमवर आजीवन वॉरंटी आहे, तेव्हा मुदतीची चिंता नाही ना? आणखी एकदा कस्टमर केअरला लिहून पाहावे का?

नाही. आता एकही ईमेल नको.

वॉशिंग मशीनपासून छपरावरच्या सोलर हीटरपर्यंत, अशी पत्रे मला सतत येतात आणि सगळ्यांत हाच गैरसमज असतो. वॉरंटी किती काळ चालते हे कंपनी ठरवते. तक्रार किती दिवसांत करायची हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69 ठरवते, आणि ते कारण घडल्यापासून दोन वर्षे म्हणते. कंपनी तुमच्याशी गोड बोलत होती, ‘तांत्रिक विभागाकडे पाठवले आहे’ असे दर महिन्याला कळवत होती, म्हणून ही दोन वर्षे थांबत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली म्हणूनही थांबत नाहीत. मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी ग्राहक आयोगाने स्वतः तपासलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल 2009 मध्ये स्पष्ट केले आहे.

आता तुमच्या तारखा. पहिला तडा अडीच वर्षांपूर्वीचा. त्याची मुदत गेली. दुसरा तडा आणि मुलीचे पडणे एकाच दिवसाचे, आणि त्याला येत्या महिन्याच्या 14 तारखेला दोन वर्षे पूर्ण होतात. तुमचे पूर्ण प्रकरण या एका तारखेवर उभे आहे, आणि तुमच्या चार पानी पत्रात ती तिसऱ्या पानाच्या तळाला आहे.

म्हणून तक्रार दुसऱ्या फ्रेमची करा. ती वेगळी वस्तू आहे, तिचा सीरियल नंबर वेगळा आहे, दोष वेगळ्या दिवशी दिसला आणि इजा तिच्यामुळे झाली. पहिल्या फ्रेमचे पैसे, पहिल्या वेळचा मनस्ताप, यातले काही मागू नका. ‘तक्रारीचे कारण केव्हा घडले’ या परिच्छेदात पहिल्या तड्याची तारीख टाकलीत, तर दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच तक्रार फेटाळली जाण्याचा धोका आहे. मात्र पहिली फ्रेम पुराव्यात जरूर आणा. एक फ्रेम तडकली तर वेल्डरचा हात चुकला असे म्हणता येते. त्याच मॉडेलच्या दोन फ्रेम त्याच जोडाशी तडकल्या तर संशय आराखड्यावर जातो: नळीची भिंत जोडाच्या फार जवळ पातळ केली असेल, किंवा वेल्डिंगनंतर 6061 जातीच्या अॅल्युमिनियमला जी उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते ती नीट दिली नसेल. यातले पहिले असेल तर आराखड्याचा दोष, दुसरे असेल तर निर्मितीचा. कलम 84 प्रमाणे उत्पादक दोन्हींसाठी जबाबदार आहे, त्यामुळे तक्रारीत दोन्ही लिहा. कोणते हे ठरवायचे काम तुमचे नाही.

हे सांगताना चिडायला होते, कारण पहिली फ्रेम तुम्ही परत पाठवलीत तेव्हा तिचा एकही धड फोटो ठेवला नाहीत, आणि फोन बदलताना व्हॉट्सअॅपवरचे संभाषणही गेले. ईमेल शिल्लक आहेत म्हणून बरे. कंपनीने ‘बदलून देत आहोत’ असे ज्या ईमेलमध्ये लिहिले, तो आता पहिल्या फ्रेमचा तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे. त्याची प्रत काढा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र वकिलाकडून करून घ्या.

तीच चूक दुसऱ्या फ्रेमबाबत होऊ देऊ नका. सूट मिळो न मिळो, फ्रेम कुरिअरने पाठवायची नाही, करवतीने कापून फोटो पाठवायचा नाही, कोणाकडून वेल्ड करून घ्यायची नाही. तड्याच्या कडा पुसू नका, एकमेकींवर दाबून जुळवूनही पाहू नका. अॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते, म्हणजे छोटे ताणही पुन्हा पुन्हा पडले तर तो कधीतरी तडकू शकतो. प्रत्येक जोरदार पेडलबरोबर तडा थोडा थोडा पुढे सरकतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या रेषा उरू शकतात. एका आपटीत तुटलेला धातू तसा दिसत नाही. ‘पडल्यामुळे तुटली’ की ‘तुटल्यामुळे पडली’, या वादाचे उत्तर त्या दोन इंच पृष्ठभागात आहे. धातुशास्त्राच्या जाणकाराला सूक्ष्मदर्शकाखाली ते वाचता येते. फ्रेम कोरड्या कापडात गुंडाळून, खोक्यात घालून ठेवा. तपासणीशिवाय ठरू न शकणाऱ्या दोषासाठी नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद कलम 38 मध्ये आहे. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

हेडसेटबद्दल (हेड ट्यूबमधला, हँडल वळू देणारा बेअरिंगचा संच) तुम्ही जाता जाता लिहिले आहे की स्थानिक मेकॅनिकने त्याचे कप (बेअरिंगच्या वाट्या) प्रेसने, म्हणजे दाबून बसवायच्या अवजाराने, न बसवता हातोडीने ठोकून बसवले, आणि त्याचे बिलही नाही. कंपनी हे नक्की उचलणार. चुकीचा वापर किंवा फेरफार झाला असेल तर कलम 87 उत्पादकाला बचाव देते. हातोडीने हेड ट्यूबला इजा झाली का, हे अहवाल येईपर्यंत मला सांगता येणार नाही. ही गोष्ट लपवू नका. स्वतःच तक्रारीत लिहा आणि सोबत विचारा की पहिल्या फ्रेमचे हेडसेट कंपनीनेच बसवून दिले होते, मग ती त्याच जागी का तडकली?

शर्यतीच्या अटीबद्दल माझे मत थोडक्यात सांगते. ट्रॅकसाठी म्हणून विकलेली फ्रेम ट्रॅकवर जोरात चालवली म्हणून वॉरंटी नाकारणे टिकेल असे मला वाटत नाही. विक्रेत्याला माहीत असलेल्या कामासाठी माल योग्य असलाच पाहिजे, हे 1930 च्या मालविक्री कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. कंपनीच्या जाहिरातीत ‘आयएसओ 4210 नुसार चाचणी’ असे आहे; हे सायकलींच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक. ते पान आजच जपून ठेवा, कारण त्या मानकाच्या व्याप्तीतून अधिकृत स्पर्धांसाठी बनवलेल्या सायकली वगळलेल्या आहेत. ट्रॅक फ्रेमला हा दाखला कोणत्या आधारावर लावला, हे कंपनीला विचारता येईल. मात्र या अटीला ‘अन्यायकारक करार’ म्हणून आव्हान देऊ नका. ते अधिकार राज्य आयोगाचे आहेत आणि तुमची तक्रार जिल्हा आयोगात राहायला हवी. सदोष वस्तू आणि उत्पादन-दायित्व (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) एवढ्यावरच थांबा.

इथे एक बारकावा आहे. उत्पादन-दायित्वाखालच्या ‘हानी’त खुद्द वस्तूची किंमत धरली जात नाही. फ्रेमचे 32 हजार सदोष मालाचा परतावा म्हणून वेगळे मागा. शस्त्रक्रिया, औषधे आणि शारीरिक-मानसिक त्रास यांची भरपाई हानी म्हणून मागा. मुलगी आता सज्ञान आहे, तेव्हा तीही तक्रारदार हवी. फ्रेम तुम्ही घेतली असली तरी तुमच्या संमतीने वापरणारी म्हणून ती कायद्याने ग्राहकच आहे. डिस्चार्ज कार्डवर पडण्याचे कारण काय लिहिले आहे ते पाहा. नुसते ‘सायकलवरून घसरून’ असेल तर त्या दिवशी ट्रॅकवर हजर असलेल्या प्रशिक्षकांचे शपथपत्र अत्यावश्यक आहे.

तक्रार कोणावर? कंपनी म्हणेल की फ्रेम आम्ही बनवत नाही, बाहेरच्या कारखान्यातून येते. स्वस्त फ्रेमच्या धंद्यात तयार साच्याच्या फ्रेमवर आपले नाव रंगवून विकणे सर्रास चालते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणाराही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे उत्पादकच आहे. तरी खोक्यावरच्या लेबलवर आयातदाराचे नाव-पत्ता असेल तर त्यालाही, आणि ज्याच्या नावाचे बिल आहे त्या विक्रेत्यालाही सामील करा. परदेशी उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते, हे कलम 86 सांगते. ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याची जबाबदारी किती, हे त्याने फक्त जागा दिली की आणखी काही केले यावर ठरेल. तूर्त नाव घाला, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आधी वकिलाची नोटीस, मग महिनाभर उत्तराची वाट, हा क्रम तुम्हाला परवडणारा नाही. नोटीस सक्तीची नाहीच. तुम्ही साताऱ्यात राहता, म्हणून सातारा जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, आणि मोबदला, म्हणजे वस्तूसाठी तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या संकेतस्थळावर ऑनलाइन दाखल करा, पण 13 तारखेला रात्री नको. त्रुटी निघतात, कागद परत येतात. निदान दहा दिवस आधी दाखल करून क्रमांक हातात घ्या. तारीख चुकलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘कंपनी उत्तरे देत होती’ हे कारण पुरेसे मानले जाईल याची खात्री मी देणार नाही.

निकाल कधी, असेही तुम्ही विचारले आहे. तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी कायदा पाच महिने म्हणतो. प्रत्यक्षात सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तारखा पडत जातात. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या रिकाम्या जागांची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. वर्षे लागतील असे धरून चाला. समोरच्याला लेखी उत्तराला मात्र 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवून दिले आहे. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी तुमच्या वकिलांना आयोगासमोर त्याची आठवण करून द्यायला सांगा.

आणि ती 40 टक्के सूट घेऊ नका. त्या ईमेलखालच्या अटींत ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ हे वाक्य आहे.