नर्स तब्येतीनं ठणठणीत आहे तरी तिला फ्लूची लस काहून घ्यायला लावतात?

कारण फ्लूची लागण झालेला माणूस ताप यायच्या एक दिवस आधीपासूनच व्हायरस पसरवू शकतो, अन् काहींना तर नुसती सर्दी होते किंवा काहीच जाणवत नाही, तो आपला ड्युटी करून राहिला, सलाईन लावून राहिला आणि त्याला पत्ताच नाही. पण बेडवर कोण आहे ते बघा ना. किमोवाला, डायलिसिसवाला, ६ महिन्यांच्या आतलं बाळ ज्याला ही लस देताच येत नाही. आपल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तर अख्ख्या विदर्भातून असे पेशंट येतात. माझी आई किमोवर होती तेव्हा कोणी खोकललं तरी माझ्या पोटात गोळा यायचा, म्हणून कळकळीनं सांगते. इंजेक्शनवाल्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, तिनं फ्लू होत नाही, हात दुखेल, एखाद दिवस कणकण राहील बस. व्हायरस बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते, अन् असर यायला साधारण २ आठवडे लागतात, तर पावसाळ्यात साथ वाढायच्या आधीच घेऊन टाका. शंभर टक्के बचाव नाही होत, त्यामुळे मास्क अन् हात धुणं चालूच ठेवा.