ईएसपी३२ या वायफाय-ब्लूटूथ असलेल्या छोट्या चिपला एकाच वेळी सहा ब्लूटूथ सेन्सर कसे जोडायचे? तीननंतर चौथा जोडलाच जात नाही. प्रत्येकासाठी वेगळा टास्क (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा भाग) करू की मोठी चिप घेऊ?

चिप बदलू नका. निंबल स्टॅक, म्हणजे ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर एका वेळच्या कनेक्शनची मर्यादा मुळातच ३ वर ठेवलेली असते. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सेटिंगच्या मेन्यूत, ती वाढवा. ब्लूटूथ कंट्रोलरचा (रेडिओ चालवणाऱ्या भागाचा) आकडा वेगळा असतो, तोही वाढवा. साध्या ईएसपी३२वर ९ पर्यंत जाता येतं, म्हणजे तुमचे सहा आरामात बसतात.

पण खरी अडचण चौथा जोडला गेल्यावर सुरू होते, आणि तिच्यासाठीच मी लिहायला बसलोय.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत फर्मवेअर लिहायचो. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाउसला आम्ही तापमानाची सिस्टीम दिली होती. चार प्रीकूलिंग चेंबर, प्रत्येकात आमचा एक सेन्सर, बाहेर भिंतीवर ईएसपी३२ आणि त्याला डिस्प्ले. एक्स्पोर्टचा माल बागेतून आला की काही तासांत चार अंशांच्या आसपास आणावा लागतो, मग शून्य-एक अंशाच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये. उशीर झाला की देठ वाळतो, मणी गळतात, आणि वर्षभराच्या मेहनतीचा माल लोकल मार्केटला जातो. फेब्रुवारीत तिथे रात्रंदिवस काम चालतं.

एका रात्री लाईट गेली. जनरेटर सुरू झाला, चारही आकडे परत दिसायला लागले. पहाटे तिथल्या ऑपरेटर काकांनी तीन नंबरचं दार उघडून क्रेटमध्ये हात घातला, तर माल हवा तितका गार नाही. तीन नंबरचा कॉम्प्रेसर रात्रीच ट्रिप झालेला. डिस्प्लेवर मात्र तीनसमोर २.५ अंश. एक नंबरसमोर ११ दिसत होतं, पण एक नंबरमध्ये संध्याकाळीच नवा माल भरलेला, त्यामुळे तिकडे कुणाला शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "सेन्सर बरोबर आहे, तुम्ही दार उघडं ठेवलं असणार." काका काही बोलले नाहीत, नुसते डिस्प्लेकडे बघत राहिले. मी कॅन्टीनमधून स्टीलच्या ग्लासात बर्फ आणि पाणी आणलं आणि तीन नंबरचा प्रोब त्यात बुडवला. तीनची ओळ ढिम्म. एक नंबरची ओळ खाली यायला लागली: ९, ७, ४, १.

कोडमध्ये असं होतं की सेन्सर जोडला गेला की पहिल्या रिकाम्या जागेत त्याचं हँडल टाकायचं, आणि जागेचा नंबर हाच चेंबरचा नंबर धरायचा. लाईट आल्यावर तीन नंबरचा सेन्सर सगळ्यांत आधी उठला आणि पहिल्या जागेत जाऊन बसला. हँडल ही कंट्रोलरने त्या कनेक्शनपुरती दिलेली चिठ्ठी आहे. कनेक्शन तुटलं की तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. त्यावरून सेन्सर ओळखणं चूकच. आधी एक पक्का तक्ता करा: सेन्सरचा पत्ता, तो कुठला आहे, आत्ताचं हँडल, स्थिती, शेवटचं रीडिंग कधी आलं. जोडला गेला की पत्त्यावरून ओळ शोधायची, तुटला की हँडल पुसायचं. आणि रीडिंग शिळं झालं की आकड्याऐवजी रेघ दाखवायची. जुना आकडा दाखवत ठेवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

सीनियरचं म्हणणं, टेबलावर महिनाभर चालवलं, क्रम कधी बदलला नाही. कसा बदलेल? टेबलावर चारही सेन्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते, लाईट एकदाही गेली नव्हती. शेवटी सेन्सरना यूपीएस लावून विषय मिटवला. माझा बदल सीझन संपल्यावर घेतला. चूक कोडची होती हे काकांना कंपनीतल्या कुणीच सांगितलं नाही. नोकरी सोडल्यावर मी स्वतः पिंपळगावला जाऊन सांगितलं.

आता टास्कचं. प्रत्येक सेन्सरला टास्क नको. एकच टास्क, प्रत्येक सेन्सरची स्वतःची स्थिती, आणि कॉलबॅकमध्ये (काही घडलं की स्टॅक बोलावतो त्या फंक्शनमध्ये) आलेली घटना फक्त क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकून बाहेर पडायचं. एका वेळी एकच कनेक्शन जोडायला घ्या. स्कॅन चालू असताना जोडायला गेलात तर स्टॅक व्यस्त म्हणून परत पाठवतो. तापमानासाठी ७.५ मिलिसेकंदांचा इंटरव्हल (दोन भेटींमधलं अंतर) मागू नका, सहा सेन्सर एकमेकांची वेळ खातील. ४०० लिहा, एकक १.२५ मिलिसेकंदांचं आहे, म्हणजे ५०० मिलिसेकंद. लेटन्सी (सेन्सरने सलग किती भेटी चुकवल्या तरी चालतील) ४ ठेवलीत तर टाइमआउट (किती वेळ आवाज आला नाही की कनेक्शन तुटलं धरायचं) ५ सेकंदांपेक्षा जास्त हवा, मी ६०० ठेवतो, इथे एकक १० मिलिसेकंदांचं, म्हणजे ६ सेकंद. कनेक्शन तुटल्याचं कारण म्हणून लॉगमध्ये ५२० दिसलं तर ते निंबलचे ५१२ अधिक ब्लूटूथचा कोड ८, म्हणजे पलीकडून आवाजच येईनासा झाला. ५३१ म्हणजे समोरच्याने स्वतः कनेक्शन सोडलं. हे दोन वेगळे आजार आहेत, दोन्हींवर 'परत जोड' हा एकच उपाय लावू नका.

वायफायही त्याच चिपवर असेल तर दोघांचा रेडिओ एकच आहे, वेळ वाटून घेतात. डेटा थोडा-थोडा पाठवा. पत्र्याच्या पॅनेलच्या खोलीत आणि पाण्याने भरलेल्या फळांमध्ये २.४ गिगाहर्ट्झ फार लांब जात नाही, हेही धरून चाला.

पत्त्यावरून ओळखा म्हटलं ते पत्ता कायम असलेल्या सेन्सरांसाठी. काही उपकरणं, विशेषतः मोबाईल, पत्ता बदलत राहतात. तिथे सेन्सरच्या आत सीरियल नंबर लिहा आणि जोडल्यावर तो वाचून मगच तक्त्यात घ्या. आणि मिनिटाला एक आकडाच हवा असेल तर कनेक्शनच करू नका. सेन्सरने अॅडव्हर्टायझिंगमध्येच (कनेक्शन न करता सगळ्यांसाठी सोडलेल्या छोट्या संदेशात) आकडा पाठवावा, ३१ बाइटमध्ये तापमान सहज मावतं. हे खरं तर सुरुवातीलाच विचारायला हवं होतं.

सहा जोडले गेले की एकेक बर्फाच्या ग्लासात बुडवून बघा. मग सगळ्यांची लाईट काढा, उलट्या क्रमाने लावा आणि परत बुडवा.