निर्वासितांचं मन आजारी पडण्याआधी काय करता येईल?
विचारणाऱ्या ताई इंदूरच्या आहेत, शेजारी पाकिस्तानातून आलेलं सिंधी कुटुंब. ताई, समुपदेशन नंतर, आधी कागद. व्हिसाची मुदत आणि नागरिकत्वाचा अर्ज लटकला की भल्याभल्यांची झोप उडते. फॉर्म भरायला, कलेक्टर कचेरीत सोबत जायला कुणी असलं तरी निम्मा घोर कमी होतो. ‘तिकडे काय झालं?’ हे मात्र खोदून विचारू नका, सांगायचं तर ते स्वतः सांगतील. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेल्फ-हेल्प प्लस’ नावाचा, ताण हाताळायला शिकवणारा पाच बैठकांचा गटवर्ग आहे. तो ध्वनिमुद्रित असल्यानं डॉक्टर लागत नाही, थोडं प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता पुरतो. तुर्कस्तानात सीरियन निर्वासितांवर तो तपासला, तेव्हा वर्गाला बसलेल्यांत सहा महिन्यांनी मानसिक आजार न बसलेल्यांपेक्षा कमी आढळले. कुणाचं खाणं-झोपणंच सुटलं, तर १४४१६ लावून द्या; टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा फुकट आहे.