दिव्यावर चित्र बॅटरीचं, दुखणं डायनॅमोचं

प्रश्न : बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा तीन आठवडे अधूनमधून लागायचा, ॲक्सिलरेटर दिला की विझायचा. गाडी सुरू होत होती म्हणून लक्ष दिलं नाही. परवा रात्री पावसात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात हेडलाइट पिवळे पडले, स्टिअरिंग जड झालं, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले आणि गाडी बंद पडली. जंप दिल्यावर सुरू झाली, पण पाच मिनिटांत पुन्हा बंद. मिस्त्री म्हणतात बॅटरी बदला आणि एबीएसही बघून घ्या. गाडी पेट्रोल, सहा वर्षांची. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : सुरुवात मल्टिमीटरपासून (व्होल्टेज-करंट मोजायचं छोटं यंत्र) करा, बॅटरीच्या दुकानापासून नको. इंजिन चालू असताना तो दिवा लागला, तर त्याचा अर्थ एवढाच की चार्जिंग होत नाही. चार्जिंग करतो अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात. तो थांबला की गाडी बॅटरीतल्या शिलकीवर पळते.

ती शिल्लक किती, ते बघा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब ९ अँपिअर घेतात. पेट्रोल पंप, इग्निशन आणि इंजेक्टर मिळून ८ ते १०, वायपर ४-५, ब्लोअर ८, रेडिएटरचा पंखा फिरला की आणखी १०. बेरीज चाळीसच्या घरात जाते. त्यात ३५ हा आकडा बॅटरी २० तास सावकाश वापरली तरचा. चाळीसने ओढलं तर अर्ध्या-पाऊण तासात खेळ खलास. तुम्ही खंबाटकीपर्यंत पोचलात, म्हणजे डायनॅमो वाटेत मधूनमधून काम करत असणार.

जंप का टिकला नाही, तेही यातच आलं. दुसऱ्या गाडीने स्टार्टर फिरवून दिला, केबल काढल्यावर पुरवठा करायला कोणी उरलं नाही.

एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, तूर्त हात लावू देऊ नका. व्होल्टेज घसरलं की एकेक कंट्रोल युनिट काम सोडतं आणि आपापला दिवा लावतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची भूक सगळ्यांत मोठी, म्हणून ते लवकर बसतं. चार्जिंग नीट झाल्यावर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) त्यात साठलेले बिघाडाचे जुने कोड पुसून घ्या. त्यानंतरही एबीएसचा दिवा राहिला, तर मग त्याचं बघू.

ॲक्सिलरेटरवर दिवा विझणं ही कामाची खूण आहे. डायनॅमोच्या मागच्या टोपणाखाली कार्बनचे दोन ब्रश असतात. स्प्रिंग त्यांना फिरत्या रोटरच्या तांब्याच्या कड्यांवर दाबून धरते. ब्रश झिजून ५ मिमीच्या आसपास आला की दाब कमी पडतो, टेकणं सुटतं, आणि आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना, दिवा मिणमिणतो. बहुतेक गाड्यांत ब्रश आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) एकाच तुकड्यात मिळतात, म्हणजे अख्खा डायनॅमो बदलायची गरज पडेलच असं नाही. मात्र कड्यांवर खोल चर पडले असतील, तर नवे ब्रशही लवकर संपतील. ते उघडून दाखवायला सांगा. डायनॅमोतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल तरी दिवा मंद लागतो, पण तेव्हा उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरते.

डायनॅमो उतरवण्याआधी त्याला फिरवणारा पट्टा बघा. चिरा पडल्या आहेत का, सकाळी पहिल्या स्टार्टला किंचाळतो का. मग टर्मिनल. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, लावताना पॉझिटिव्ह आधी. बॅटरी बाहेर काढून चार्जरवर ३-४ अँपिअरने १०-१२ तास लावा आणि काही तास तशीच ठेवून मोजा. १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरीला एक संधी द्या, लोड टेस्ट (भार टाकून बॅटरी टिकते का ते बघणं) करून घ्या. १२.४ च्या वर येतच नसेल, तर बॅटरीही गेली. नंतर इंजिन चालू करून बॅटरीवरच मोजा : १३.८ ते १४.५ हवं, आणि हेडलाइट व एसी लावल्यावर १३.५ च्या खाली जाऊ नये. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो, तिथे स्कॅनरशिवाय निकाल देऊ नये.

एक जुनी खोड अजून दिसते : चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘डायनॅमो चालतो का’ बघायचं. व्होल्टेजचा झटका बसून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळू शकतो. कोणी तसं करायला लागला, तर चावी बंद करा.

हायवेवर दिवा लागला तर एसी, ब्लोअर, टेप, मोबाइल चार्जर बंद करा. रात्री हेडलाइट मात्र नाही. सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिन बंद करू नका, पुन्हा स्टार्ट होईलच असं नाही. तापमानाचा काटा चढू लागला, तर पट्टा तुटल्याचं समजा, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो. तेव्हा कडेला घेऊन लगेच थांबायचं. मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गाचा १०३३.

प्रश्न : पाच-सहा दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही. सहा महिन्यांत दुसरी बॅटरी. चार्जिंग १४.२ येतं, दिवाही लागत नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : मग कुठेतरी गळती आहे. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, कारण कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून सोडलेली निगेटिव्ह केबल आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये जोडा, आणि तो जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ३०० दिसले, तर ३५ ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. तुमचा हिशेब याच्याशी जुळतो. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा कोसळेल, ते सर्किट. पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर घ्या : स्टिरिओ, जीपीएस, डॅशकॅम, अलार्म.

प्रश्न : चावी फिरवल्यावर बाकी दिवे लागतात, बॅटरीचा कधीच लागत नाही. चांगलं लक्षण ना? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. इंजिन सुरू होण्याआधी तो लागलाच पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. जुन्या गाड्यांत डायनॅमोला जागं करणारा करंट त्याच बल्बमधून जातो, म्हणून बल्ब उडाला की चार्जिंगही अडू शकतं. आधी बल्ब आणि डायनॅमोच्या मागची बारीक वायर बघा.