तो विषय वेगळा नाही

पिंपरीहून एका भगिनींचे नऊ पानी पत्र आले आहे. जागेअभावी त्याचा सारांशच येथे देते. त्या ज्या स्वतंत्र इव्हँजेलिकल मंडळीत गेली सोळा वर्षे जातात, तेथील पाळकांनी उपासनामंदिराच्या बांधकामासाठी जमलेल्या निधीतून सुमारे नऊ लाख रुपये स्वतःच्या घरासाठी वापरल्याचे यंदा उघड झाले. या भगिनींनी त्या निधीला आपल्या दोन पाटल्या दिल्या होत्या. गेल्या महिन्यात एका रविवारी पाळक संदेशाऐवजी कबुली द्यायला उभे राहिले, "आर्थिक बाबतीत माझ्याकडून काही चुका झाल्या" असे म्हणाले आणि ढसाढसा रडले. मंडळी उभी राहिली, टाळ्या झाल्या, "किती मोठी ती कृपा" हे गीत झाले आणि पुढच्या रविवारी पाळक पुन्हा संदेश देऊ लागले. भगिनींचे पती मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी, एक आहेत. ते म्हणतात की प्रभूने क्षमा केली आहे, आता तूही कर, देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये. भगिनींना ते जमत नाही, प्रार्थनेत बसले की पाटल्याच आठवतात. त्या विचारतात, "माझा विश्वास कमी पडतो आहे का? मी क्षमा कशी करू?"

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात पाळकांचा उल्लेख एकतीस वेळा आला आहे. मी मोजला. पाटल्यांचा सात वेळा आला आहे. आणि सहाव्या पानावर, कंसात, तुम्ही एक वाक्य लिहून पुढे निघून गेला आहात. ते मी येथे जसेच्या तसे देते, कारण माझे सगळे उत्तर त्या वाक्याला आहे: "(तीन वर्षांपूर्वी हिशेब विचारणाऱ्या एका मावशींना मंडळीसमोर माफीनामा वाचावा लागला होता, तो मीच टाइप करून दिला होता, शंका तेव्हा मलाही आली होती, पण तो विषय वेगळा.)"

तो विषय वेगळा नाही. तुमच्या मंडळीत जे घडले त्यातला मुख्य विषय तोच आहे, आणि तो कंसात का गेला हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असणार.

ते दृश्य तुम्ही मला दाखवलेले नाही, तरी ते डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. एक वयस्कर बाई, हातात ए-फोर कागद, कागदावर दुसऱ्याने लिहिलेली आणि तिसरीने टाइप केलेली चार वाक्ये: मी सैतानाच्या मोहाला बळी पडले, मंडळीत फूट पाडली, देवाच्या सेवकावर संशय घेतला, मला क्षमा करा. शब्द थोडे वेगळे असतील, पण असे माफीनामे मी वाचले आहेत आणि ते सगळे एकाच साच्यातून निघालेले असतात. त्या दिवशी मंडळी टाळ्या वाजवायला उभी राहिली होती का? पाळकांच्या रडण्याचे वर्णन तुम्ही अर्धे पान केले आहे; मावशी रडल्या की नाही, हे तुम्ही लिहिले नाही. त्यांचे नावही लिहिले नाही. हल्ली त्या कुठल्या उपासनेला जातात, जातात तरी का, याबद्दलही एक शब्द नाही.

मी नगरच्या एका मिशन कंपाउंडात वाढले. माझे वडील मंडळीचे खजिनदार होते आणि उपासना संपल्यावर मागच्या खोलीत टेबलावर अर्पणाच्या थैल्या पालथ्या होत, तेव्हा मोजायला दोघेजण बसत. एक मोजी, दुसरा पुन्हा मोजी, आणि वहीत दोघांच्या सह्या झाल्याशिवाय खोलीचे दार उघडत नसे. पाळकसाहेब त्या खोलीत येतच नसत. या वहीमुळे कोणी कोणाला चोर समजत नव्हते. (जुन्या मंडळ्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असे मी म्हणत नाही, त्यांच्या जमिनींचे खटले कोर्टात कमी पडलेले नाहीत.) पण स्वतंत्र मंडळ्यांत, जेथे मंडळीचा संस्थापक हाच पाळक, त्याची पत्नी खजिनदार आणि मुलगा गीतपथकाचा प्रमुख असतो, वर ना बिशप ना सिनड, तेथे हिशेबाची वही म्हणजे बहुधा एखादी मावशीच असते. तुमच्या मंडळीने ती वहीच फाडली, आणि पुढची तीन वर्षे पैसे गेले याचे आता आश्चर्य चालले आहे.

अभिषिक्ताला हात लावू नये, हे वचन तुमचे पती सांगतात. ते दावीदाच्या तोंडचे आहे, पहिल्या शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायात, म्हणून त्या अध्यायात पुढे काय होते तेही त्यांनी वाचावे. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत आला असता दावीदाने त्याला मारले नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले, हे खरे. पण मग दावीद गुहेत गप्प बसून राहिला नाही. तो बाहेर आला, शौलाला नमन केले आणि तीन हजार निवडक माणसे घेऊन आलेल्या त्या राजाला हाक मारून कापलेला तुकडा दाखवला: हा पाहा, माझ्या हातात काय आहे. अभिषिक्ताचा मान राखणे आणि त्याच्यासमोर पुरावा धरणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच ठिकाणी, काही पावलांच्या अंतराने केल्या. मावशींनी यापेक्षा वेगळे काय केले होते? पावतीपुस्तक हातात धरून त्यांनी हाक मारली होती.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधारही तेव्हा घेतला गेला, असे तुम्ही लिहिता: दोघातिघा साक्षीदारांवाचून वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नये. मावशी एकट्या होत्या म्हणून त्यांचे म्हणणे फेटाळले गेले. त्याच्या पुढच्याच ओवीत, पाप करीत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमक्ष त्यांच्या पदरी घालावा असेही म्हटले आहे, ते सोयीने राहून गेले असेल. तो वाद मी वडिलांवर सोडते. मला तुमच्याशी बोलायचे आहे. शंका तुम्हालाही आली होती. म्हणजे दुसरा साक्षीदार त्या सभागृहातच होता, आणि तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पहिल्या साक्षीदाराचा माफीनामा टाइप करीत होता.

हे वाचून तुम्हाला राग आला असेल. येऊ द्या. तुमचे पैसे गेले, तुमचा विश्वासघात झाला, आणि तुमच्यावर घरून, व्यासपीठावरून क्षमेची सक्ती चालली आहे, याची मला कल्पना आहे. पण त्याबद्दल सहानुभूती देणाऱ्या चार मैत्रिणी तुम्हाला आहेत असे पत्रावरूनच दिसते. त्यांनी जे सांगितले नाही, तेवढेच सांगण्याचा मला उपयोग.

अश्रूंबद्दल थोडे सांगते, कारण त्यांनी तुम्हाला फार गोंधळात टाकलेले दिसते. अमेरिकेतील टीव्हीवरचे प्रचारक जिमी स्वॅगर्ट वेश्येकडे गेल्याचे उघड झाल्यावर २१ फेब्रुवारी १९८८ रोजी लुइझियानातील आपल्या मंडळीसमोर असेच रडले होते. पत्नीची, मुलाची, मंडळीची, देवाची, सगळ्यांची त्यांनी क्षमा मागितली आणि ते दृश्य जगभर दिसले. त्यांच्या असेंब्लीज ऑफ गॉड या संप्रदायाने त्यांना वर्षभर व्यासपीठापासून दूर राहायला सांगितले तेव्हा मात्र त्यांनी ते मानले नाही, सेवकपद गमावले आणि काही महिन्यांतच स्वतंत्रपणे पुन्हा उपदेश सुरू केला. १९९१ मध्ये तशाच प्रकरणात ते पुन्हा सापडले, आणि त्या वेळी मंडळीला सांगितले की याच्याशी तुमचा काही संबंध नाही. अश्रू खोटेच होते असे मी म्हणणार नाही. रडणारा माणूस त्या क्षणी मनापासून रडत असतो. पण लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट लूकने लिहिली आहे, तीत अश्रूंचा उल्लेख नाही. तीत हिशेब आहे: मालमत्तेचा अर्धा भाग दरिद्र्यांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत. तुमच्या पाळकांच्या कबुलीत "काही चुका" आहेत. आकडा नाही, तारीख नाही, आणि मावशी तर नाहीतच.

भारतीय विश्वासणाऱ्यांना रवि जकरायस यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. चेन्नईत जन्मलेल्या या वक्त्याची पुस्तके आपल्याकडच्या कितीतरी पाळकांच्या कपाटात आहेत, कदाचित तुमच्याही. २०१७ मध्ये कॅनडातील एका स्त्रीने त्यांच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल तक्रार केली तेव्हा त्यांनी उलट तिच्यावर आणि तिच्या पतीवरच दावा लावला, प्रकरण गोपनीयतेच्या कराराने मिटवले गेले, आणि त्यांची संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. त्यानंतर संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला, अनेक स्त्रियांबाबतचे गैरवर्तन त्यात नोंदले गेले, आणि संचालक मंडळाला लेखी मान्य करावे लागले की ती स्त्री खरे बोलत होती. उशीर फार झाला, पण ते मान्य करताना तिचे नाव घेतले गेले. तुमच्या मंडळीतील वडिलांच्या मंडळाने निदान तेवढे तरी केले पाहिजे, आणि ते आपणहून करणार नाही.

आणि क्षमा. रेचल डेनहॉलंडर ही अमेरिकेतील इव्हँजेलिकल स्त्री. खेळाडू मुलींचे लैंगिक शोषण करणारा जिम्नॅस्टिक्सचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध २०१६ मध्ये सर्वांत आधी उघडपणे बोलली ती. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींच्या साक्षींनंतर शेवटी ती उभी राहिली, त्याला तोंडावर सांगितले की मी तुला क्षमा करते, आणि त्याच निवेदनात न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षेची मागणी केली. तिच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. तुमच्या पतींना हे दाखवाच. पण त्या निवेदनातील मला जास्त लागलेली गोष्ट दुसरीच आहे: पीडितांच्या बाजूने बोलल्यामुळे आपल्याला आपली मंडळी आणि जवळची माणसे गमवावी लागली, असे तिने तेथे सांगितले. एवढ्या खंबीर बाईची मंडळी सुटली. तुमच्या मावशींची सुटली यात नवल नाही, आणि ती सुटू देणाऱ्यांत वाईट माणसे फार नसतात. बहुतेक तुमच्यासारखी सज्जन, वेळेवर येणारी, टायपिंग येणारी माणसे असतात.

तुम्ही दरवर्षी केडगावला मुक्ती मिशनमध्ये जाता असे लिहिले आहे. ज्या पंडिता रमाबाईंच्या कबरीपाशी तुम्ही उभ्या राहता, त्यांनी १८८५ मध्ये, बाप्तिस्मा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, इंग्लंडमधील आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना कळवले होते की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले आहे, लगेच दुसरे तसलेच घेण्याची माझी तयारी नाही. तुमच्या पतींच्या भाषेत हेही सेवकांविरुद्ध बोलणेच ठरले असते.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या दोन पाटल्यांपुरती क्षमा तुम्ही करू शकता. आज करा, सहा महिन्यांनी करा, तो तुमचा आणि प्रभूचा हिशेब आहे आणि त्यात घाई करायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका. बाकीचे पैसे मंडळीचे आहेत. ते तुम्ही एकटीने माफ करण्याचा प्रश्न येत नाही. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याचे लेखापरीक्षण होऊन धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जायला हवेत, ते गेले की नाही हे विचारणे सभासदांचे कामच आहे. आणि मावशींची तीन वर्षे माफ करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, पाळकांना नाही, टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीलाही नाही.

प्रार्थनेत बसले की पाटल्या आठवतात, असे तुम्ही लिहिता. मला वाटते तुम्हाला तो कागद आठवत असावा आणि पाटल्या त्याच्यापुढे येऊन उभ्या राहत असाव्यात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीजवळ अर्पण ठेवून आधी जाऊन समेट करायला सांगितले आहे ते कोणाला, हे पुन्हा पाहा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तेथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे स्मरण झाले तर, असे आहे.

म्हणून मावशींच्या घरी जा. पतींना घेऊन जाऊ नका, ते समजावू लागतील. फळांची पिशवी, केक, वचनाची फ्रेम, काहीही नेऊ नका. एकच कागद न्या, आणि या वेळी तो हाताने लिहा. त्यात तीन गोष्टी असू द्या: तुमचा माफीनामा मी टाइप केला होता, मला तेव्हाच शंका होती, तुम्ही खरे बोलत होता. "कोणाचे मन दुखावले असल्यास" वगैरे लिहू नका. कोणाचे दुखावले ते तुम्हाला ठाऊक आहे. तो त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, की हाच कागद मंडळीसमोर, जेथे तुम्हाला उभे केले होते तेथेच उभी राहून मी वाचला तर तुम्हाला चालेल का. त्या हो म्हणाल्या तर येत्या रविवारी साक्षीच्या वेळी हात वर करा. नाही म्हणाल्या तर कागद त्यांच्याकडे ठेवून या. मंडळीत परत येण्याचा आग्रह करू नका, आणि क्षमा मिळाली का असे तर मुळीच विचारू नका. चहा दिला तर प्या. दार उघडले नाही तर पुन्हा जा.

मंगळवारी दुपारी तुमच्याकडे स्त्रियांची उपवासप्रार्थना असते असे तुम्ही लिहिले आहे, आणि मावशींचे घर तेथून दोन गल्ल्या पलीकडे आहे असेही. या मंगळवारी प्रार्थनेला गेला नाहीत तरी चालेल.